दादाचं विंडोज, माझं लिनक्स आणि मधला प्रोटॉन

शनिवारी रात्री साडेनऊला मी हेडफोन लावते आणि पलीकडून दादाचा आवाज येतो, "आलीस का?" हा आमचा परिपाठ २०१४ पासूनचा. राज्य वसवायचं, शेतं पिकवायची, सैन्य जमवायचं आणि संगणकाच्या दोन-तीन राजांशी दोघांनी मिळून लढायचं, असा आमचा खेळ. दादाचा संगणक विंडोजचा. माझा लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, कारण मी पुस्तकांच्या पानांची मांडणी करते आणि ते काम २०११ पासून लिनक्सवरच चाललंय. खेळण्यापुरतं विंडोज त्याच मशीनवर टाकून पाहिलं होतं. पण अर्धवट मांडलेलं प्रकरण मिटवायचं, मशीन बंद करायचं, दुसऱ्या सिस्टिममध्ये चालू करायचं आणि खेळून झालं की पुन्हा उलटा प्रवास करायचा, हे सहा महिन्यांत नकोसं झालं.

म्हणून गेली सात वर्षं मी प्रोटॉनवर खेळते. प्रोटॉन म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीनं २१ ऑगस्ट २०१८ रोजी स्टीममध्ये, म्हणजे खेळ विकत घ्यायच्या आणि चालवायच्या आपल्या ऑनलाइन दुकानात, आणलेली सोय. विंडोजसाठी बनवलेला खेळ लिनक्सवर चालवणं हे तिचं काम. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटीचा पर्याय असतो, शिवाय प्रत्येक खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या खेळापुरती प्रोटॉनची हवी ती आवृत्ती निवडता येते. निवडली, खेळ डाउनलोड केला, प्ले दाबलं, की झालं. निदान बहुतेक वेळा झालं.

प्रोटॉन येण्याआधी आमच्या शनिवारांचं काय व्हायचं ते आधी सांगते, म्हणजे मी या गोष्टीचं इतकं कौतुक का करते ते कळेल.

आमच्या त्या खेळाची लिनक्ससाठी वेगळी बांधलेली आवृत्ती होती. मूळ कंपनी वेगळी, लिनक्सची प्रत तयार करणारे वेगळे. विंडोजसाठी दुरुस्ती आली की दादाची प्रत लगेच बदलायची आणि माझी तीन-तीन, चार-चार आठवडे तशीच राहायची. "तुझं व्हर्जन जुनं दाखवतंय गं," असं दादा म्हणाला की तो शनिवार गेलाच. ते लोक आळशी होते असं मी म्हणणार नाही. विंडोजवरचा प्रत्येक बदल पुन्हा लिनक्सवर बसवायचा, तपासायचा, आणि तोही मोजक्या खेळाडूंसाठी. अशा कामाला चार माणसं कोण देणार?

आवृत्त्या जुळल्या तरी निश्चिंती नव्हती. चाळीस मिनिटं रंगलेला डाव मध्येच थांबायचा आणि पडद्यावर संदेश यायचा, दोन्ही संगणकांचा मेळ सुटला. याचं कारण मला पुढे कळलं, आणि खेळ एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेणं किती किचकट असतं हे मला त्यातूनच सगळ्यात चांगलं समजलं. अशा खेळात सैनिक शेकड्यांनी असतात. प्रत्येकाची जागा सतत इंटरनेटवरून पाठवणं परवडत नाही, म्हणून फक्त आज्ञा पाठवल्या जातात: हे दहा धनुर्धर त्या टेकडीवर. पुढचा सगळा हिशेब दोन्ही संगणक आपापला करतात आणि दोघांचं उत्तर तंतोतंत एकच यावं लागतं. दशांश चिन्हानंतर कुठेतरी एका घराचा फरक पडला, तर दादाच्या पडद्यावर बाण लागतो आणि माझ्या पडद्यावर तोच बाण हुकतो. तिथून पुढे आम्ही दोघं दोन वेगळी युद्धं खेळत असतो. विंडोजची प्रत एका कंपायलरनं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनानं, बांधलेली, लिनक्सची दुसऱ्या कंपायलरनं, गणिताची फंक्शनं वेगळ्या लायब्ररीतली, म्हणजे तयार कोडच्या वेगळ्या संचातली. एवढं पुरतं.

प्रोटॉनवर मी दादाचीच फाइल चालवते. तीच आवृत्ती, त्याच दिवशी, तोच बांधलेला कोड. काही गणिती फंक्शनं विंडोजच्या स्वतःच्या लायब्ररीत असतात आणि प्रोटॉनला ती नव्यानं लिहिलेली द्यावी लागतात, त्यामुळे तेवढ्या जागी फरक उरू शकतो. पण आमच्या खेळात मेळ सुटण्याचं ते प्रकरण थांबलं. २०१८ च्या शेवटी एका शनिवारी सलग तीन तास डाव चालला आणि शेवटी दादाच म्हणाला, "आज काहीच बिघडलं नाही की गं."

हे कसं जमतं? पुष्कळांना वाटतं की प्रोटॉन म्हणजे लिनक्सच्या पोटात चालणारं एक नकली विंडोज. तसं नाही. दोघांचे प्रोसेसर एकाच घराण्यातले, त्यामुळे खेळाचा मूळ कोड प्रोसेसरला थेट कळतो. अडतं ते खेळ जेव्हा सिस्टिमकडे काही मागतो तेव्हा: ही फाइल उघड, ही खिडकी दाखव, हा आवाज वाजव, हा त्रिकोण रंगव. या मागण्या विंडोजच्या भाषेत असतात आणि लिनक्सला ती भाषा येत नाही. या मागण्या ऐकून त्या लिनक्सच्या पद्धतीनं पुऱ्या करण्याचं काम वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून करतोय. त्याची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडला, म्हणजे पंधरा वर्षं. विंडोजचा कोड उघडा नाही, त्यामुळे कुठलं फंक्शन नेमकं कसं वागतं, चुकीचं काही दिलं तर काय उत्तर देतं, हे बाहेरून चाचण्या करकरून शोधावं लागतं. प्रोटॉनचा पाया ही वाइनच आहे, आणि व्हॉल्व्हसोबत त्यावर काम करते ती वाइनमध्ये वर्षानुवर्षं राबलेली कोडवीव्हर्स ही कंपनी. प्रोटॉनचं श्रेय देताना ही पंचवीस वर्षांची मेहनत मोजली नाही, तर ते मला अन्यायाचं वाटतं.

चित्रांचा भाग वेगळा. विंडोजवरचे बहुतेक खेळ ग्राफिक्स कार्डाला चित्र काढायला सांगण्यासाठी डायरेक्ट थ्रीडी ही विंडोजची पद्धत वापरतात. पूर्वी वाइन त्याचं रूपांतर लिनक्सवर चालणाऱ्या ओपनजीएल या जुन्या पद्धतीत करायची आणि नव्या खेळांचा वेग रडतखडत असायचा. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी पद्धत आली, आणि त्यानंतर फिलिप रेबोले या प्रोग्रामरनं 'नियर: ऑटोमेटा' हा खेळ लिनक्सवर खेळता यावा म्हणून डायरेक्ट थ्रीडीचं व्हल्कनमध्ये रूपांतर करणारा डीएक्सव्हीके लिहायला घेतला. एका खेळासाठीची ही ओढ आज प्रोटॉनचा कणा होऊन बसली आहे. ही गोष्ट आठवली की मला अजूनही भरून येतं. डायरेक्ट थ्रीडी १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन हा वेगळा भाग आहे.

प्रत्यक्ष अनुभव सांगायचा तर माझं ग्राफिक्स कार्ड एएमडीचं आहे आणि ड्रायव्हर मेसाचा. 'द विचर ३' मी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रोटॉनवर खेळले. गावात घोडा पळवताना, पावसात, गर्दीत, कुठेही आपण परक्या सिस्टिमवर आहोत असं जाणवलं नाही. 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये आला तेव्हा तो विंडोजवर मध्येमध्ये अडखळतोय अशी ओरड झाली होती. त्याच आठवड्यात स्टीम डेक हे व्हॉल्व्हचं प्रोटॉनवर खेळ चालवणारं हातातलं यंत्र बाजारात येत होतं, आणि प्रोटॉनच्या लोकांनी आपल्या बाजूनं मेमरीची हाताळणी सुधारून ते अडखळणं बरंच कमी केलं. मूळ खेळाला हात न लावता, फक्त मधल्या रूपांतरात केलेली ती दुरुस्ती होती.

अडखळणं मात्र प्रोटॉनच्या वाट्यालाही येतं. पाणी कसं चमकावं, धूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामना शेडर म्हणतात. ते आधी डायरेक्ट थ्रीडीच्या रूपातून व्हल्कनच्या रूपात जातात आणि मग तुमच्या कार्डासाठी नव्यानं तयार होतात. पहिल्यांदा स्फोट झाला, शेडर तयार नाही, चित्र क्षणभर गोठलं. यावर स्टीम दुसऱ्या खेळाडूंच्या मशीनवर जमा झालेले शेडर आधीच उतरवून ठेवतं. खेळ सुरू होण्याआधी "शेडर्सवर प्रक्रिया चालू आहे" अशी पट्टी दिसते ती हीच. ती वगळायचं बटण असतं. वगळू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीके २.० आला आणि शेडर आधीच जुळवून ठेवायची नवी पद्धत त्यात आल्यावर हा त्रास खूपच घटला. त्याची किंमत अशी की त्याला व्हल्कन १.३ चालवणारं कार्ड लागतं. तुमचं कार्ड जुनं असेल तर प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडावी लागेल. जुन्या आवृत्त्या व्हॉल्व्हनं ठेवल्या आहेत, हे चांगलं केलं.

आणखी एक सुधारणा खेळताना दिसत नाही, पण कळते. विंडोजमध्ये प्रोग्रामला एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघत थांबता येतं. यातली कुठलीही एक झाली की मला उठव, किंवा सगळ्या झाल्या की उठव. लिनक्समध्ये नेमकी अशी सोय नव्हती, आणि ती नक्कल करण्यात प्रोसेसरचा वेळ जायचा. आधी इसिंक, मग एफसिंक असे मार्ग निघाले, आणि शेवटी कोडवीव्हर्सच्या एलिझाबेथ फिगुरा यांचं एनटीसिंक थेट लिनक्सच्या कर्नलमध्ये, मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत पूर्णपणे दाखल झालं. म्हणजे खेळांच्या गरजेपोटी खुद्द लिनक्सचा गाभा बदलला.

लिनक्ससाठी खास बांधलेल्या खेळांबद्दलचं माझं मत या सात वर्षांत पार उलटं झालं, ते इथे स्पष्ट लिहिते. पूर्वी मी असेच खेळ शोधून शोधून घ्यायचे. ज्यांनी आपल्यासाठी कष्ट घेतले त्यांना दाम मिळावा, ही भावना त्यामागे होती. १९९८ मध्ये सुरू झालेली लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी हेच करायची. 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर', 'रेलरोड टायकून २', 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हे खेळ तिनं लिनक्सवर आणले आणि जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. तिथल्या सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी तेवढी टिकली. ती आज असंख्य खेळांत आहे आणि प्रोटॉनमध्ये गेमपॅड ओळखायच्या कामातही येते.

पण माझ्याकडचा २०१५ च्या सुमाराचा एक खास लिनक्ससाठी बांधलेला खेळ तीन वर्षांपूर्वी सिस्टिम अपग्रेड केल्यावर उघडेना. त्याला जुनी लायब्ररी हवी होती आणि बनवणाऱ्यांनी त्याकडे लक्ष देणं केव्हाच थांबवलं होतं. दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याच खेळाची विंडोजची प्रत प्रोटॉनवर लावली आणि पहिल्याच फटक्यात सुरू झाली. लिनक्सवर विंडोजची प्रत जास्त टिकाऊ निघावी हे मान्य करायला मला जड गेलं. कारण मात्र सरळ आहे. विंडोजच्या मागण्यांची यादी वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि ती पुरी करणारी माणसं रोज कामावर आहेत. जुन्या लिनक्स प्रतींसाठी स्टीमनं ठरावीक लायब्ररींचे संच बांधून दिले आहेत, त्यांनी बऱ्याच वाचतात, सगळ्या नाही.

फाइलींच्या नावांचा घोळही याच जातीचा. विंडोजला इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे हा दोष माझ्या नजरेला दिसायलाच उशीर लागला. एका खेळात मी नकाशांची भर टाकली आणि ती दिसेना. फोल्डरमध्ये पाहिलं तर "डेटा" नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी, एकाचं पहिलं अक्षर मोठं, एकाचं लहान. बनवणाऱ्यानं विंडोजवर बसून नाव कसंही लिहिलं होतं आणि तिथे ते चाललंही होतं. प्रोटॉनवर वाइन हा भेद झाकते. त्यासाठी तिला अख्खा फोल्डर चाळावा लागायचा, म्हणून २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ कर्नलनं एक्स्ट४ या डिस्कवर फाइली ठेवायच्या व्यवस्थेतच अक्षरभेद न मानणाऱ्या फोल्डरांची सोय दिली.

कधीकधी खेळातल्या चित्रफितीच्या जागी रंगीत उभे पट्टे दिसतात. तुमचं कार्ड बिघडलेलं नाही. त्या फिती अशा कोडेकमध्ये, म्हणजे चित्रफीत साठवायच्या पद्धतींमध्ये, असतात ज्यांचे परवाने आड येतात, म्हणून व्हॉल्व्ह त्या दुसऱ्या स्वरूपात बदलून देतं, आणि बदललेली प्रत अजून तयार नसेल तर हे पट्टे येतात. ग्लोरियस एगरोल या टोपणनावाचा प्रोग्रामर प्रोटॉनची स्वतःची आवृत्ती काढतो, तिथे बहुधा काम होतं.

आता माझी चूक, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक छोटं बनावट सी ड्राइव्ह तयार करतं. ते स्टीमच्या 'कम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये खेळाच्या क्रमांकानं असतं. खेळ बिघडला की तो फोल्डर उडवा, नवा तयार होईल, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बरोबरही आहे. फक्त खेळ जर तुमची प्रगती स्टीमच्या क्लाउडवर ठेवत नसेल, तर ती त्याच फोल्डरात असते. साठ तासांचा माझा खेळ एका क्लिकमध्ये गेला. आधी त्यातला 'स्टीमयुजर' नावाचा फोल्डर बाजूला कॉपी करून ठेवा. तसंच, काही खेळांची नक्कल-विरोधी यंत्रणा प्रोटॉनची आवृत्ती बदलली की नवं मशीन समजते आणि चार-पाच बदलांनंतर दिवसभरासाठी दार लावून घेते. म्हणून एकामागून एक आवृत्त्या बदलत बसण्याआधी प्रोटॉनडीबी या खेळाडूंच्या अनुभवांच्या संकेतस्थळावर इतरांनी काय लिहिलंय ते वाचा. प्लॅटिनम म्हणजे काही न करता चालतो, बोर्क्ड म्हणजे चालतच नाही. मी विकत घेण्याआधी नेहमी तिथे बघते.

इथपर्यंतचे सगळे अडथळे माणसांनी लिहून-तपासून ओलांडले. एक अडथळा तसा नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या मित्रांनी शुक्रवारचा एक नेमबाजीचा खेळ सुरू केला. पाच जणांचा संघ, पाचवी मी. वर्षभर मी प्रोटॉनवरून खेळले, अगदी व्यवस्थित. मग एक अपडेट आलं, त्यासोबत नवं अँटी-चीट आलं, आणि लॉबीत शिरताच मला बाहेर काढलं गेलं. दुसऱ्यांदाही. दादा म्हणाला, "थांब, आम्ही थांबतो." मी म्हटलं, "नका थांबू, खेळा तुम्ही." हेडफोन काढून ठेवला.

फसवेगिरी पकडणारे हे प्रोग्राम आता विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी तळाशी बसतात. प्रोटॉन वरच्या मजल्यावरचं काम करतं. विंडोजचा कर्नल ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये बसवणं त्याच्या कामाचा भागच नाही. वरच्या मजल्यापुरता मार्ग २०२१ मध्ये निघाला. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणांनी प्रोटॉनला आधार दिला, पण तो चालू करायचा की नाही हे प्रत्येक खेळाच्या निर्मात्यावर सोडलं. काहींनी केला, काहींनी नाही, आणि काहींनी दिलेला परत घेतला. 'एपेक्स लेजंड्स'नं ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस लिनक्सवरून खेळणं बंद केलं. निर्मात्यांची भीती मला समजते. लिनक्सचा कर्नल कुणीही स्वतः बदलून बांधू शकतो, मग त्यात लपवलेली फसवेगिरी पकडायची कशी? भीती खरी आहे. पण पहारा जास्तीत जास्त सर्व्हरवर ठेवण्यापेक्षा खेळाडूच्या मशीनचा तळ ताब्यात घ्यायचा, हा निवडलेला मार्ग आहे, आणि त्यात आमच्यासारखे प्रामाणिक खेळाडू भरडले जातात हे मी म्हणणारच.

तेव्हा लिनक्सवर यायच्या विचारात असाल तर आधी आपल्या खेळांची यादी काढा. एकट्यानं खेळायचे, गोष्टीचे, डावपेचाचे, मित्रांबरोबर मिळून खेळायचे खेळ असतील, तर निर्धास्त या. मी आज कुठलाही असा खेळ घेताना "विंडोजचाच आहे" म्हणून थांबत नाही. स्पर्धेचे ऑनलाइन नेमबाजीचे खेळ हाच तुमचा मुख्य विरंगुळा असेल, तर मी आग्रह करणार नाही.

शनिवार आमचा शाबूत आहे. मागच्या आठवड्यात दादानं उत्तरेची सीमा उघडी टाकली म्हणून आम्ही हरलो, आणि या आठवड्यात ती बाजू मी घेतली आहे. शुक्रवारच्या खेळाचं प्रोटॉनडीबीवरचं पान मी महिन्यातून एकदा उघडून बघते. काल बघितलं तेव्हाही लाल अक्षरांत बोर्क्डच लिहिलेलं होतं.